गाडी भावाची, घासली मी. क्लेम मिळेल का?

प्रश्न : नमस्कार, मी देवगड तालुक्यातला. माझा चुलतभाऊ मुंबईहून गणपतीला स्वतःची गाडी घेऊन आला आणि जाताना हायवेचं ट्रॅफिक नको म्हणून कोकणकन्येने गेला, गाडी आमच्या खळ्यात, चावी माझ्याकडे. परवा आईला दवाखान्यात न्यायला काढली तर वळणावर समोरून एसटी आली, मी कडेला घेतली आणि डावा दरवाजा चिऱ्याच्या गडग्याला घासला. माझं लायसन्स चालू आहे, पण इन्शुरन्स भावाच्या नावावर. क्लेम होईल का? भाऊ म्हणतो, फॉर्मवर मीच चालवत होतो असं लिहू. आणि एक, भाचा म्हणतोय सुट्टीत ही गाडी कणकवली स्टेशनच्या भाड्याला लावू, चालेल का?

उत्तर : क्लेम होतो. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही, त्यामुळे मालकाच्या परवानगीने कुणीही चालवली तरी हरकत नसते, फक्त त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि दारू घेतलेली नको. पण आधी पॉलिसी उघडून बघा, ती फर्स्ट पार्टी (म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) आहे की नुसती थर्ड पार्टी. थर्ड पार्टी 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचीच आहे, पण त्यात तुम्ही कुणाला ठोकलं तर त्याची भरपाई होते, तुमच्या दरवाजाला एक पैसा मिळत नाही.

भावाचं ते "मीच चालवत होतो" मात्र अजिबात लिहू नका. लोक हे सर्रास करतात आणि गंमत म्हणजे गरजच नसते, कारण तुमचं नाव लिहूनही क्लेम पास होतोय! उलट त्या दिवशी भाऊ मुंबईत ऑफिसात होता हे निघालं की चांगला क्लेम खोटी माहिती दिली म्हणून फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

आता मिळतो म्हणून घ्यावा का, तर माझं मत नको. समजा दरवाजाचं डेंटिंग-पेंटिंग 7000 रुपये. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 आपलेच जातात. भावाने चार वर्षं क्लेम घेतला नसेल तर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, 45 टक्के, पुढच्या वर्षी 50 होणार, तो एका क्लेमने शून्यावर येतो. गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम 8000 धरला तर पुढच्या वर्षी 4000 जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्केच सूट म्हणजे आणखी 2400. मिळणार सहा हजार आणि जाणार त्याहून जास्त, तेही भावाचे, घासली तुम्ही! ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून करून घ्या आणि बिल तुम्ही भरा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी खोच पुढे आहे. पॉलिसीत जो 15 लाखांचा अपघात विमा असतो तो मालकाच्या नावाचा. दुसऱ्याची गाडी मागून घेतलेला माणूस मालकाच्याच जागी धरला जातो असं सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये म्हटलंय, म्हणजे तुमच्याच हातून ठोकली आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना त्या पॉलिसीतून थर्ड पार्टी म्हणून मागता येत नाही, आणि ते 15 लाखही मिळतीलच असं नाही. सारखी भावाची गाडी काढणार असाल तर स्वतःच्या नावाची वेगळी अपघात पॉलिसी घ्या, ती माणसावर असते, गाडी कुणाचीही असो.

आणि भाच्याला सांगा, पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं मारायचं नाही. पाहुण्याला फुकट आणलंत तर काही नाही, पण पैसे घेतले की खासगी पॉलिसीत ते बसत नाही आणि दरवाजा सोडाच, पूर्ण गाडी गेली तरी कंपनी हात वर करेल.