मुलगे-मुली वेगळे बसवावेत का?

प्रश्न : सहावीला विज्ञान शिकवते. पट ४६. मुलगे सारखे उठतात, मुली गप्प बसून वही पूर्ण करतात. मुलगे हालचालीतून शिकतात आणि मुली ऐकून, म्हणून बाकं आणि कामं वेगळी ठेवा, असा सल्ला मिळाला. तसं करावं का?
– एक शिक्षिका, परळ

उत्तर : करू नका, बाई. मुलगे आणि मुली यांच्या शिकण्यात सरासरीने जो फरक दिसतो, त्याहून कितीतरी मोठा फरक दोन मुलग्यांत किंवा दोन मुलींत असतो. चुळबुळ्या मुली आणि वाचनात गुंगणारे मुलगे तुमच्याही वर्गात असतील. बाकं वेगळी केलीत, तर त्यांनी जायचं कुठे?

आधी मोजा. वर्गाचा नकाशा काढा आणि आठवडाभर रोज एका तासिकेत ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात रेघ मारा. तिथल्या तिथे मारा. नंतर आठवून मारलेल्या रेघा आपल्या सोयीच्या असतात. प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मगच नाव घ्या. एरवी आपण जेमतेम सेकंदभर थांबतो आणि ओरडून उत्तर देणाऱ्याचं फावतं. हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यातून काढा, पण काढलेली परत डब्यात टाका. नाहीतर एकदा नाव येऊन गेलेलं मूल निवांत होतं.

खरी गोम प्रयोगाच्या तासाला आहे. चौघांच्या गटात सेल, वायर, बल्ब एका मुलग्याच्या हातात राहतात आणि ‘तुझं अक्षर छान’ म्हणून वही मुलीकडे जाते. बल्ब लागला नाही, तर वायरचं टोक नीट सोललेलं नाही की दोनपैकी एक सेल उलटा बसलाय, हे शोधणं तिच्या वाट्याला येतच नाही. शिकणं तर नेमकं तिथेच असतं! फळ्यावर चार कामं लिहा: जोडणी, तपासणी, नोंद, आवराआवर. दर प्रयोगाला प्रत्येकाचं काम एक घर पुढे सरकवा.

आणखी एक. मुलींची उंची मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते. सहावीत उंच म्हणून त्या शेवटच्या बाकावर जातात; तिथे फळा लांब आणि रस्त्याचा गोंगाट. दर सोमवारी रांगा फिरवा, उंच मुलांना पुढे पण भिंतीच्या कडेला बसवा. दंगेखोर मुलगा गप्प बसावा म्हणून त्याला मुलीशेजारी बसवणं तर बंदच करा. तो भार तिने का उचलायचा?

उठायला सगळ्यांनाच हवं असतं. वीसेक मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहू द्या, पावसाळ्यात मैदान बंद असताना तर नक्कीच.

प्रश्न : तिसरीतला मुलगा नकाशा रंगवताना चुकतो. मुलगे निष्काळजीच, असं शाळेत म्हणतात.
– एक पालक, मुलुंड

उत्तर : आधी नेत्रतज्ज्ञांकडून रंगदृष्टी तपासून घ्या, ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला देतात. लाल-हिरव्याची गल्लत मुलग्यांत बरीच जास्त आढळते, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्यांकडे ते गुणसूत्र एकच. तसं निघालं तर वर्गशिक्षकांना सांगा: हिरव्या फळ्यावर लाल खडू नको, पांढरा किंवा पिवळा वापरा, नकाशात रंगासोबत रेषा आणि ठिपकेही द्या. घरी प्रत्येक स्केचपेनवर रंगाचं नाव चिकटवा.