प्राध्यापकांना मेल पाठवण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. पीएचडीला घ्याल का असं विचारायला परदेशातल्या प्राध्यापकांना जो मेल करायचा आहे, त्याचा तू पाठवलेला मसुदा काल रात्री दोनदा वाचला. इंग्रजी नीट आहे, सीव्हीही बरा जमलाय. पण हा मेल असाच गेला तर उत्तर येईल असं मला वाटत नाही. तुझी तयारी चांगली आहे, ती या मेलमध्ये कुठे दिसतच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या परिच्छेदात तू म्हणतेस की तुला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे, त्या प्राध्यापकांचं काम जगप्रसिद्ध आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकणं हे तुझं भाग्य ठरेल. मग दहावीपासून एमएस्सीपर्यंतचे टक्के. शेवटी स्कॉलरशिपची विनंती. आता यातलं त्यांचं आडनाव काढून दुसरं कुठलंही घाल. बाकी एकही शब्द बदलावा लागत नाही. असे मेल त्यांना सतत येत असतात आणि ते पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतात.

आणखी एक. डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या डाऊनी मिल्ड्यू रोगाला, तू ‘बुरशीजन्य रोग’ म्हटलं आहेस. दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत सगळे बागायतदार तसंच म्हणतात, औषधाच्या दुकानातही तसंच म्हणतात, आणि तिथे ते चालतं. पण तू ज्यांना लिहिते आहेस त्यांचं सगळं काम ऊमायसीटांवर आहे. हे जीव दिसायला बुरशीसारखे, पण नात्याने तपकिरी शैवालांच्या जवळचे. त्यांच्या लॅबची माहिती चाळली असतीस तरी हे डोळ्यांत भरलं असतं. ज्याने आयुष्य या फरकावर घालवलं, त्याला पाठवलेल्या पत्रात ही चूक राहून चालणार नाही.

तेव्हा आधी वाचन. त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले दोन पेपर घे. दोनच, पण पूर्ण वाच, आकृत्यांसकट. आपल्या विषयात लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव बहुतेक वेळा लॅबप्रमुखाचं असतं आणि पहिलं नाव ज्याने मुख्य काम केलं त्याचं, म्हणजे पुष्कळदा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं. तेही लिहून ठेव, पुढे उपयोगी पडेल. चर्चेच्या भागात काय सुटलं नाही, काय अजून तपासायचं आहे, हे लेखक स्वतःच सांगतात. तिथे रेंगाळ. तुझा प्रश्न तिथेच सापडेल.

आणि तुझ्याकडे प्रश्न आहे! गेल्या वर्षी प्रॅक्टिकलनंतर तूच मला सांगत होतीस की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की पोंग्यापासूनच, म्हणजे डोळे फुटू लागल्यापासूनच, वडिलांची झोप उडते आणि पूर्वी ज्या औषधाने डाऊनी आटोक्यात यायचा त्याने आता येत नाही. स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांना हा जीव दाद देत नाही तेव्हा त्यामागे बहुधा सायटोक्रोम बी जनुकातला एक बदल असतो, हे तू पाठ्यपुस्तकात वाचलंयस. तुझ्या एमएस्सीच्या प्रकल्पात तू रोगट पानांवरून नमुने घेतलेस, डीएनए काढलास, पीसीआर केलास. हे सगळं मसुद्यात एका ओळीत, तेही टक्केवारीच्या खाली दडलेलं. हेच वर आण.

मेल साधारण असा होईल. मी द्राक्षबागायतदाराची मुलगी, नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते. तुमचा अमुक पेपर वाचला. त्यात तुम्ही औषधांना होणारा प्रतिकार कसा पसरतो ते एका भागातल्या नमुन्यांवरून दाखवलंत. आमच्याकडे वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि कोवळी फूट पावसात सापडते, तिथेही तोच क्रम दिसेल का? प्रकल्पात मी हे काम केलं, हे मला करता येतं. पुढच्या वर्षी तुम्ही नवा विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही जोडला आहे. बस. मोबाइलवर एका नजरेत वाचून व्हावा एवढाच. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ने नको, ‘डियर प्रोफेसर’ आणि आडनाव पुरे. त्या बाई आहेत की पुरुष हे आधी बघ, आणि आडनावाचं स्पेलिंग दोनदा तपास. चॅटबॉटकडून मेल लिहून घेऊ नकोस. तुझ्या बागेतलं त्याने पाहिलेलं नाही.

प्रत्येक देशाची रीत वेगळी, हे मात्र समजून घे. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पुष्कळ विभागांत प्रवेश समिती देते आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन लॅबमध्ये फिरून मग एक निवडतो. तिथे प्राध्यापक ‘अर्ज करा’ एवढंच म्हणाले तर तो नकार समजू नकोस, त्यांच्या हातात तेवढंच असतं. कॅनडात संशोधनाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना आधी मार्गदर्शकाचा होकार लागतो. जर्मनीत स्वतंत्रपणे पीएचडी करायची तर आधी मार्गदर्शक शोधावा लागतो, नाहीतर नोकरीसारखी जाहिरात निघते आणि तिला अर्ज करायचा. म्हणून विभागाचे नियम आधी वाच. ‘आम्हाला मेल करू नका’ असं लिहिलेलं असेल तर करू नकोस.

अमेरिकेतल्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये संपते, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबर ही मेलची वेळ. एकेका अर्जाला बऱ्याच ठिकाणी 75 ते 100 डॉलर शुल्क पडतं. जे यंदा कुणालाच घेत नाहीत त्यांच्यासाठी वडिलांचे पैसे का घालवायचे? उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी त्याच मेलवर दोन ओळींची आठवण कर. एकदाच. मग पुढच्या नावाकडे वळ आणि मनाला लावून घेऊ नकोस. त्यामागे तुझ्याशी संबंध नसलेली पन्नास कारणं असू शकतात.

उत्तर आलं आणि बोलायचं ठरलं, तर त्यानंतर लॅबमधल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोल. इथेच मघाची पहिली नावं कामी येतील. सर आठवड्यातून कितीदा भेटतात, विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात, मधेच सोडून गेलेले किती, फेलोशिपमध्ये भागतं का, पेपरवर कुणाचं नाव कसं लागतं, हे विचारायला लाजू नकोस. चार-पाच वर्षं तुला त्या माणसाबरोबर काढायची आहेत, घरापासून लांब. मोठं नाव बघून भुलू नकोस. नुकतीच लॅब सुरू केलेला तरुण प्राध्यापक कधीकधी जास्त वेळ देतो. मात्र त्याच्याकडे निधी किती वर्षांचा आहे ते विचारून घे. अमेरिकेत सरकारी अनुदानांची माहिती सगळ्यांसाठी खुली असते, तिथेही बघता येईल.

आणि यादीत पुणं-बेंगळुरूही असू दे. आयआयएससी किंवा आयसर या संशोधन संस्थांत प्रवेश मुलाखतीतून होतो, तिथे मेलने जागा मिळत नाही. पण आपल्याला कुणाबरोबर काय करायचंय हे ठरवून गेलेली मुलगी मुलाखतीत वेगळीच बोलते.

पेपर वाचून झाले की नवा मसुदा पाठव. प्रश्नाची ओळ आधी मला मराठीत लिहून दाखव, इंग्रजीचं नंतर बघू. वडिलांना नमस्कार सांग, आणि या छाटणीला कोणतं औषध कधी मारलं त्याची तारखांसकट नोंद ठेवायला सांग. ती तुला लागणार आहे.

तुझे सर