मारबतीत हरवलेली चाबी

प्रश्न : काका, नमस्कार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला नागपुरात इतवारीत गेलो होतो. गाडी गांधीबागेकडे लावली होती. गर्दीत पर्समधून चाबी कुठं पडली, कळलंच नाही. दुसरी चाबी घरी होती, भाऊ ती घेऊन आला म्हणून परतलो. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे, आम्ही २०२१मध्ये सेकंडहँड घेतली. शोरूमवाले म्हणतात, चाबी कंपनीकडून मागवावी लागेल, १२-१५ दिवस आणि ९,८०० रुपये. घरी येणारा चाबीवाला म्हणतो, तासाभरात करून देतो, ३,५०० द्या. मिस्टर म्हणतात शोरूमच. भाऊ म्हणतो, पैसे काय झाडाला लागले का? आठवडाभर जेवताना हाच विषय सुरू आहे. ता. क. : हरवलेल्या चाबीच्या कीचेनवर गाडीचा नंबर कोरलेला होता. त्यानं काही फरक पडतो का?
— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : ताई, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणता म्हणता तुम्ही चाबीही देऊन टाकली, असं मनात आलं आणि हसलो. मग तुमची ता. क. वाचली आणि हसू गेलं. फरक पडतो. फारच पडतो. चाबी एखाद्या भल्या माणसाच्या खुंटीला लटकत असेल, नाहीतर इतवारीतल्या नालीत गेली असेल. पण ज्याला सापडली असेल त्याला गाडीचा नंबरही सापडला आहे. मिस्टर आणि भाऊ नवीन चाबीच्या किमतीवर भांडून राहिले. मला काळजी जुन्या चाबीची आहे.

तुमच्या चाबीच्या काळ्या मुठीत एक चिप असते, अर्ध्या शेंगदाण्याएवढी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक रिंग असते. चाबी फिरवली की ती रिंग चिपला जागं करते, चिप आपला नंबर सांगते आणि गाडीचा कॉम्प्युटर तो आपल्या यादीत शोधतो. नंबर यादीत असेल तर गाडी चालू राहते. नसेल तर डॅशबोर्डवर चाबीचा दिवा मिचमिचतो आणि स्टार्टर कितीही मारा, इंजिन धरत नाही. म्हणजे चाबीची पाती नुसती दार उघडायला आणि कुलूप फिरवायला. गाडी चालते ती त्या शेंगदाण्यावर.

ही चिप किती लहान असते, हे मला एकदा कचऱ्याच्या डब्यात हात घालून कळलं. माझ्या भाच्यानं चाबीची मूठ तुटली म्हणून बर्डीवर एका टपरीत २५० रुपयांत नवं कव्हर घालून घेतलं. पाती बदलली, बटनं बदलली, रिमोटही चालला. गाडी मात्र सुरू होईना. टोचन लावून माझ्या गॅरेजवर आणली. मी चाबी उघडून पाहिली तर चिपची खाच रिकामी. तसेच दोघं टपरीवर गेलो. त्या पोरानं जुनं कव्हर फेकून दिलेलं, चहाच्या कपांखाली. चिप अजून त्यातच चिकटलेली होती. ३१ वर्षं गॅरेज चालवलं, पण कचरा चाळून गाडी सुरू केली ती तेवढीच. पोराचा दोष म्हणाल तर एवढाच की त्याला चाबी म्हणजे लोखंड वाटलं.

आता तुमच्या कामाचं. चाबीवाल्याला फोन करा आणि किंमत विचारायच्या आधी हे विचारा : भाऊ, कॉपी करणार की गाडीत प्रोग्राम करणार? दोन्हीला आपल्याकडे ‘डुप्लिकेट’च म्हणतात, म्हणून घोळ होतो. कॉपीत तो तुमच्या घरच्या चाबीच्या चिपचा नंबर दुसऱ्या चिपवर उतरवतो. गाडीला हातही लावत नाही. काम स्वस्तात, दहा मिनिटांत होतं, पण गाडीची यादी होती तशीच राहते. मारबतीतली चाबी उद्याही तुमची गाडी सुरू करेल. प्रोग्राम करताना तो स्टेअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडतो आणि नवी चिप यादीत चढवतो. त्याच वेळी हरवलेली चिप यादीतून उतरवता येते. तुम्हाला हेच करून हवं आहे. बऱ्याच गाड्यांत जुनी यादी पुसून हातातल्या सगळ्या चाब्या पुन्हा चढवाव्या लागतात, म्हणून घरची चाबी त्या वेळी जवळ असू द्या. शेवटी मशीनच्या पडद्यावर किती चाब्या चढलेल्या दिसतात ते त्याला दाखवायला सांगा. आकडा दोनच यायला हवा.

‘हो हो, सगळं होते ताई’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. आणि जो आल्या आल्या आरसी मागत नाही, त्याला गाडीचं दारसुद्धा उघडू देऊ नका. जो तुम्हाला न विचारता चाबी बनवतो, तो उद्या तुमच्या गाडीची चाबी दुसऱ्यालाही न विचारता बनवून देईल. ज्याचं कुठंतरी पक्कं दुकान आहे, भले सदरला असो की प्रतापनगरात, असाच बघा. काम घरासमोर, तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. त्या वेळी एसी, हेडलाइट बंद ठेवा. बॅटरी जुनी असेल तर आधी तपासून घ्या, प्रोग्रामिंग चालू असताना ती बसली तर कॉम्प्युटर अडकतो आणि मग खरंच शोरूम गाठावं लागतं. काम झाल्यावर दोन्ही चाब्यांनी दोन-तीनदा गाडी सुरू करून बघा. नव्या चाबीनं ड्रायव्हरचं दार आणि डिक्कीही उघडून बघा.

एक गोष्ट मात्र यानं सुटत नाही. जुन्या चाबीनं गाडी सुरू होणार नाही, पण दार उघडेल, कारण पातीचं कुलूप तेच आहे. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर दाराचं बॅरल, म्हणजे चाबी जाते तो कुलपाचा भाग, बदलून घ्या. कंपाउंडात राहत असेल तर मी एवढा खर्च करणार नाही. आत लॅपटॉप, कागदपत्रं ठेवायची नाहीत, एवढं पाळा.

मग शोरूमवाले लुटतात का? नाही. ते चेसिस नंबरवरून कंपनीची पाती आणि चिप मागवतात, त्याची नोंद राहते, आरसी-आधार बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. दोन्ही चाब्या हरवल्या असत्या, किंवा गाडी बटन स्टार्टची आणि वॉरंटीतली असती, तर मी तुम्हाला मुकाट तिकडेच पाठवलं असतं. पण गाडी २०१६ची, साध्या चाबीची, वॉरंटी कधीच संपलेली आणि एक चालू चाबी हातात. या कामासाठी ९,८०० देणं मला जड वाटतं. शिवाय १२-१५ दिवस हरवलेली चाबी यादीत तशीच राहील. (एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये बाहेरचाच चाबीवाला बॅग घेऊन प्रोग्रामिंगला आलेला मी स्वतः पाहिला आहे. मिस्टरांना हे सांगू नका, उगाच भाऊ जिंकेल.)

मिस्टरांचं एका बाबतीत बरोबर आहे : कागद पाहिजे. चाबी हरवल्याची नोंद पोलिस ठाण्यात आजच करा, पंधरा दिवसांनी नको. देव न करो, पण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाब्या मागते. एकच दिली की शंभर प्रश्न सुरू होतात. तेव्हा ती नोंद आणि चाबीवाल्याचं तारखेचं, गाडी नंबरचं बिल कामाला येतं. पॉलिसीत चाबी बदलण्याचं वेगळं कव्हर घेतलंय का तेही बघा. असेल तर काम करण्याआधी विमावाल्यांना फोन करा. काही कंपन्या शोरूमचंच बिल मागतात. तसं असेल तर मी वर जे बोललो ते सोडा आणि मिस्टरांचं ऐका.

नव्या कीचेनवर काय कोरायचं ते तुम्ही ठरवा. नंबर नको.

प्रश्न : माझी बटन स्टार्टची गाडी वर्षभराचीच आहे. दोन दिवसांपासून ‘चाबी सापडत नाही’ असा संदेश येतो, कधी सुरू होते, कधी नाही. एक जण म्हणाला चाबी गेली, १२ हजार लागतील.
— एक वाचक, वाडी

उत्तर : दादा, आधी सेल बदला. शंभराच्या आत काम आहे. जुन्या सेलवर नंबर असतो, बहुतेक वेळा २०३२, तोच घ्या. तोवर अडकलात तर चाबी स्टार्ट बटनाला चिकटवून ब्रेक (क्लचची गाडी असेल तर क्लचही) दाबा आणि बटन दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात. दार उघडेना तर चाबीच्या पोटात लोखंडी पाती लपलेली असते, ती ओढून काढा. सेल बदलूनही संदेश गेला नाही, तर सरळ शोरूम. वॉरंटीत असेपर्यंत बाहेरच्या कोणाला स्टेअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावू देऊ नका. सेल बसवताना तो रुमालानं धरा आणि अधिकची खूण कोणत्या बाजूला होती ते जुना काढायच्या आधी बघून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या ‘गेलेल्या’ चाब्यांतल्या कितीतरी उलट्या सेलच्या असायच्या.