खिडकीतला कप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "ताई, मी गंगापूर रोडला राहते. गेल्या रविवारी सकाळी सिग्नलला एक साठीचे गृहस्थ उभे होते. हातात पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं लिहिलेलं, 'सगळ्यांवर प्रेम करा'. पैसे मागत नव्हते, काही विकत नव्हते. मला एकदम भरून आलं. फोटो काढून स्टेटसला ठेवला. नवरा म्हणाला, डोकं फिरलेलं दिसतंय. घरी आले, कामाच्या मावशी आल्या होत्या, खिडकीतला त्यांचा कप काढून चहा दिला, पण मन त्या पुठ्ठ्यातच अडकलेलं. आता सारखं वाटतं, आपणही त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं. घरचे हसतील. काय करू?"

तुमच्या पत्रात एका जागी मी थांबले, ती अजून तिथंच आहे. खिडकीतला त्यांचा कप.

त्या गृहस्थांबद्दल आधी सांगून टाकते. ते शहाणे की वेडे, या वादात मला पडायचं नाही. भर सिग्नलला, हॉर्नच्या कलकलाटात, कुणाकडे काही न मागता उभं राहायला धीर लागतो. त्यांनी त्यांचं काम केलं.

आता तो कप. मी तो पाहिलेला नाही, तरी ओळखते. सेट फुटत फुटत एकटा उरलेला, काठाचा टवका उडालेला, जाळीपाशी भांड्यांच्या साबणाशेजारी उपडा घातलेला. चहा पिऊन झाला की मावशी तो स्वतः विसळतात आणि परत तिथंच ठेवतात. कुणी सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी एकदा सांगितलेलं असतं, किंवा तेही नसतं, त्यांनी आपसूक ओळखलेलं असतं. चहाही त्या उभ्यानं पितात किंवा दाराशी खाली बसून. बरोबर ना?

तुम्ही म्हणाल, जातीबितीचं आमच्या घरात काही नाही, स्वच्छतेसाठी आहे. अहो, तुमच्या घरातला प्रत्येक कप, प्रत्येक ताट त्याच बाईच्या हातून घासून निघतं. तुम्ही त्याच ताटात जेवता. मग कसली स्वच्छता? हे जुनं विटाळाचंच खूळ आहे, फक्त त्याला आता कुणी त्या नावानं हाक मारत नाही. तुम्ही मनानं वाईट आहात असं मी मुळीच म्हणत नाही. पुठ्ठा वाचून ज्या बाईचे डोळे भरतात, तिच्या हे इतकी वर्षं लक्षात आलं नाही, याचाच मला राग येतो.

तुम्ही नाशिकच्या. तुमच्या घरापासून नदी ओलांडली की पंचवटी. तिथं काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली माणसं येऊन उभी राहिली. देवाचं दर्शन घेऊ द्या, एवढंच मागणं. दारं बंद झाली. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले. ज्यांनी अडवलं ते सगळे रामाचे भक्तच होते, घरी पोथ्या वाचत होते, भूतदयेवरची कीर्तनं ऐकत होते. याच नाशिकच्या तुरुंगात राहून गेलेल्या साने गुरुजींना हे नेमकं उमगलं होतं. प्रेमाचा धर्म सांगून ते थांबले नाहीत. विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये पंढरपूरला प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. प्रेम सगळ्यांवर करायचं म्हटलं की ते कुठल्यातरी एका दाराशी येऊन अडतं, आणि तुमच्या घरी ते त्या जाळीपाशी अडलंय.

तेव्हा उद्या सकाळी मावशी यायच्या आत तो कप फेकून द्या. घासून आत ठेवू नका, झाडाला पाणी घालायलाही ठेवू नका. मग रोजच्या स्टँडमधले दोन कप घ्या, दोघींचा चहा ओता आणि टेबलाशी खुर्ची ओढून त्यांना बसवा. त्या पटकन बसणार नाहीत. "असू द्या वहिनी, हितंच बरंय," म्हणतील. एकदा मनापासून आग्रह करा. नाहीच बसल्या तर तुम्ही कप घेऊन त्यांच्याजवळ खाली बसा. माफीचं भाषण करून त्यांना अवघडवू नका. आणि फोटो काढायचा नाही. पिऊन झालं की दोन्ही कप एकाच सिंकमध्ये, एकाच घासणीनं.

घरात कुणीतरी "हे काय नवीन?" म्हणेलच. उत्तर तुम्ही द्यायचं, तिथल्या तिथं, मावशींच्या देखत. त्या गेल्यावर आतल्या खोलीत कुजबुजून नाही.

सिग्नलला उभं राहायचं की नाही, हे मला आत्ता विचारू नका. कप गेला का, तेवढं दोन ओळींत कळवा.