फलाटावरून : बोट धक्क्याला, गाव शंभर किलोमीटरवर

(मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे सेक्शन कंट्रोलर (म्हणजे गाड्यांचं चालणं सांभाळणारे) वाचकांच्या प्रवासाच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी आलेली बरीचशी पत्रं क्रूझची आहेत.)

प्रश्न : काका, सप्टेंबरात वडिलांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझला जातेय. एक दिवस बोट इटलीत लिव्होर्नोला सकाळी सात ते संध्याकाळी सात थांबते, दुसऱ्या दिवशी चिविताव्हेकियाला. बाबा ७६ वर्षांचे, राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते राजाराम महाराज फ्लॉरेन्सला वारले, तिथं त्यांची छत्री आहे, ती त्यांना बघायचीय. बोटीची फ्लॉरेन्सची सहल आहे, पण ती छत्रीकडं फिरकत नाही. आम्ही आमचं रेल्वेनं जाऊन परत येऊ शकू का? बोट चुकली तर काय? बाबांच्या गुडघ्याला फार चालणं सोसत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जमेल, ताई. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. फ्लॉरेन्सला जाऊन डेव्हिडचा पुतळा राहू दे, छत्री दाखव म्हणणारा माणूस मला आवडला.

या सगळ्यात गाडीची काळजी सगळ्यात कमी करा. लिव्होर्नो ते फ्लॉरेन्स शंभर किलोमीटर, सव्वा ते दीड तास, थेट गाडी साधारण तासाला एक. वेळ खातो तो बोटीची शिडी ते स्टेशनचा फलाट एवढाच तुकडा. लोक वेळापत्रक उघडतात, आठच्या सुमाराची गाडी बघतात आणि बोट सातला लागतेय म्हणजे तास हातात आहे असं धरून चालतात. बोट सातला लागते, माणूस सातला उतरत नाही. दोर बांधायचे, बंदराची परवानगी यायची, मग आधी बोटीच्या सहलीवाले गटागटानं उतरणार, त्यांच्या मागून तुम्ही. आठपर्यंत खाली आलात तरी चांगलं म्हणायचं.

लिव्होर्नो मालाचं बंदर आहे. कंटेनर, ट्रेलर, क्रेन यांच्यामधून पायी जाऊ देत नाहीत. बोटीची शटल बस गावात नगरपालिकेच्या आसपास आणून सोडते. ती फुकट असेलच असं नाही, आदल्या संध्याकाळी बोटीवर विचारून ठेवा, आणि परतीची शेवटची शटल किती वाजता तेही तेव्हाच विचारा. तिथून ‘लिव्होर्नो चेंत्राले’ स्टेशन आणखी दोनेक किलोमीटर. गावातली बस जाते, पण बाबांचा गुडघा बघता टॅक्सीच करा. तिथं वाचवलेले पैसे पुढं फ्लॉरेन्सला नडतील.

(आपल्याकडं मुंबईत बॅलार्ड पिअरला ‘मोल’ नावाचं स्टेशन होतं. विलायतेची डाकबोट लागली की पेशावरकडं जाणारी गाडी तिथूनच सुटायची. सामान हमालाच्या डोक्यावरून थेट डब्यात. असो.)

साडेआठ-पावणेनऊला तुम्ही स्टेशनात. आता तिकीट. तुमची गाडी ‘रेजोनाले’ म्हणजे प्रादेशिक. आरक्षण नाही, जागा मिळेल तिथं बसा. भाडं ठरलेलं, आधी काढून स्वस्त पडत नाही, त्यामुळं भारतातून काही करायची गरज नाही. मशीन इंग्रजीत बोलतं. मशीनपाशी कोणी आपणहून मदतीला आलं तर ‘नो, थँक यू’ म्हणा आणि पर्स पुढं घ्या. जायचं-यायचं दोन्ही सकाळीच काढा, दुपारी फ्लॉरेन्सच्या रांगेत उभं राहायला नको. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी फलाटाजवळच्या छोट्या पेटीत घालून त्यावर तारीख-वेळेचा छाप उठवायचा. छाप नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड होतो, आणि तिथले टीसी ‘आम्ही नवीन आहोत’ हे ऐकून घेत नाहीत. आमचेही घेत नसत.

बोर्डावर फ्लॉरेन्स शोधू नका, तिथं ‘फिरेन्झे एस. एम. एन.’ असं असतं. एस. एम. एन. म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला, गावाच्या मधोमधचं स्टेशन. पिसापर्यंतच जाणारी गाडी मिळाली तरी बसायला हरकत नाही, पिसाहून फ्लॉरेन्सला गाड्या भरपूर. पण बाबांना जिने चढ-उतार करायला लावण्यापेक्षा थेट गाडीसाठी थोडं थांबलेलं बरं.

खिडकीशी बसलात की बाबांना सांगा, हा रस्ता आपल्या रेल्वेपेक्षा थोरला. लिव्होर्नो-पिसा तुकडा १८४४ मध्ये सुरू झाला, म्हणजे बोरीबंदर-ठाण्याच्या नऊ वर्षं आधी. आखणी रॉबर्ट स्टीफन्सनची, नाव तिथल्या ग्रँड ड्यूक लिओपोल्डचं. १८४८ मध्ये हा मार्ग फ्लॉरेन्सपर्यंत पोचला. त्याचं फ्लॉरेन्समधलं जुनं स्टेशन ‘लिओपोल्डा’ अजून उभं आहे, तिथं आता प्रदर्शनं भरतात, आणि ते तुम्हाला जायचंय त्या बागेच्या तोंडाशीच आहे.

आता छत्री. कॅशिने नावाची बाग आर्नो नदीच्या काठानं साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली आहे आणि छत्री तिच्या अगदी पश्चिम टोकाला. इथं लोक फसतात. स्टेशनजवळून ट्रॅम आहे, तिला ‘कॅशिने’ नावाचा थांबाही आहे, पण तो बागेच्या पूर्व टोकाचा. तिथून छत्री जवळजवळ तीन किलोमीटर. तुम्ही-आम्ही झाडांच्या सावलीतून मजेत चालू, बाबांना ते नको. स्टेशनच्या बाहेर टॅक्सीचा स्टँड आहे, रांगेत उभं राहा, ड्रायव्हरला ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’ म्हणा, म्हणजे भारतीयाचं स्मारक. तिथला माणूस बरोबर नेतो, कारण शेजारच्या पुलालाही तेच नाव आहे. मात्र टॅक्सी सोडू नका. फ्लॉरेन्समध्ये टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, फोन करून बोलवावी लागते, आणि बागेच्या त्या टोकाला कोणी रिकामं फिरत नसतं. अर्धा तास थांबायचे किती, ते आधीच ठरवून घ्या. तुमचा दिवस मंगळवार असेल तर सकाळी बागेत आठवडी बाजार असतो, गर्दी धरून चला.

महाराज १८६६ मध्ये गादीवर आले. १८७० मध्ये युरोपला गेले, इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परत निघालेले असताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सच्या हॉटेलात वारले. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. दहन तिथल्या रिवाजात नव्हतं, पण खास परवानगी निघाली आणि गावाबाहेर, आर्नोला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर अग्नी दिला. चार वर्षांनी तिथंच छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढं तुमच्या कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. संगम मात्र पुतळ्यापाशी उभं राहून दिसेलच असं नाही. चार पावलं नदीकडं उतरा, मग दोन पाणी एकत्र येताना दिसतात. बाबांना हात द्या तिथं.

हे सगळं साडेअकरा-बारापर्यंत उरकतं. मग टॅक्सीनंच डुओमोपाशी, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथीड्रलपाशी या, बाहेरून बघा, सावलीत बसून जेवा. संग्रहालयांच्या नादी लागू नका, त्या रांगा तुमच्या हिशोबात बसत नाहीत.

परतीचा हिशोब मी उलटा करतो, कंट्रोलमध्ये करायचो तसा. बोट सातला सुटते म्हणजे शिडीवर साडेसहाच्या आत, काही बोटींवर सहाच्याही आत. बोटीच्या पत्रकावर जी वेळ असेल ती खरी. तुम्ही साडेपाचला बोटीवर असायचं ठरवा. म्हणजे लिव्होर्नो स्टेशनात साडेचार, म्हणजे फ्लॉरेन्सहून तीनच्या सुमाराची गाडी. तिच्या मागं चारच्या सुमाराची एक आहे, ती फक्त तीनची रद्द झाली तर. त्या गाडीनं आलात तर घाम फुटेल, पण पोचाल. सहाच्या आत शिडीवर बोलावणारी बोट असेल, तर सगळंच एक गाडी अलीकडं आणा. ‘एवढं लांब आलोय तर आणखी एक दुकान’ असं बाबा म्हणणार नाहीत, तुम्ही म्हणाल, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

इटलीत रेल्वेचा संप नवलाचा नाही, पण तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. म्हणजे नेमकी तुमची दुपार कोरडी. आठवडाभर आधी संपाची तारीख बघून ठेवा आणि त्या दिवशी असलाच, तर मुकाट्यानं बोटीची सहल घ्या. बोट थांबते ती स्वतःच्या सहलीसाठी, आपल्यासाठी नाही.

समजा चुकलीच. तुमची पुढची सकाळ चिविताव्हेकियाची आहे, हे तुमचं नशीब. बोट रात्रभर समुद्रातून जाणार, आणि लिव्होर्नोहून किनाऱ्यालगतची गाडी दोन-अडीच तासांत चिविताव्हेकियाला पोचते. त्याच रात्री जाऊन झोपा, सकाळी बोटीच्या स्वागताला तुम्हीच. पुढचं बंदर स्पेनचं असतं तर मी हे इतक्या निवांतपणे लिहिलं नसतं. बोटीच्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट बोटीवाल्यांनी ठेवून घेतला असेल तर पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत जवळ असू द्या, आणि बाबांची औषधं एका दिवसाची नाही, दोन दिवसांची पिशवीत.

प्रश्न : आमची बोट फ्रान्समध्ये ल आव्र या बंदराला लागते. पत्रकात ‘पॅरिस’ असं मोठ्या अक्षरात आहे. आयफेल टॉवर होईल का? थांबा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. (दांपत्य, नाशिक)

उत्तर : टॉवर दिसेल, होणार नाही. ल आव्रहून पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनाला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात. धक्क्यावरून स्टेशन गाठायचा वेळ दोन्हीकडचा धरा, सहाच्या आधीचं शिडीचं बंधन धरा, पॅरिसच्या वाट्याला तीन तास उरतात. त्यातला एक मेट्रोत जाणार. बोट रात्री नऊला सुटत असती तर जा म्हटलं असतं.

त्याच रस्त्यावर तासाभराच्या आत रुआँ लागतं, तिथं उतरा. चित्रकार मोनेनं वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं ते कॅथीड्रल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जोन ऑफ आर्कला जाळलं तो चौकही गावातच. निवांत जेवून चारला परत बोटीवर. नातेवाइकांना पॅरिसच सांगायचं असेल तर तो तुमचा प्रश्न.

प्रश्न : आमच्या बाल्टिक क्रूझच्या कार्यक्रमात ‘बर्लिन’ लिहिलंय. नातू म्हणतो, आजोबा, बर्लिनला समुद्र नाही. कोण बरोबर? (वाचक, ठाणे)

उत्तर : नातू. बोट लागते वार्नेम्युंडेला. इथं वरच्या कोल्हापूरच्या ताईंच्या उलट गंमत आहे. स्टेशन धक्क्याच्या इतकं जवळ की शिडी उतरून काही मिनिटांत फलाटावर, पण गाव सव्वादोनशे किलोमीटर लांब. आधी लोकलनं रोस्टोक, तिथं गाडी बदलून बर्लिन. एका बाजूचे तीन तास धरा. जाऊन-येऊन सहा तास गाडीत, आणि बदलीची गाडी चुकली की सगळंच लांबलं. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल आपल्याकडं ज्या कथा सांगतात त्या जुन्या झाल्या.

तुम्ही रेल्वेवेडे आहात असं पत्रावरून दिसतं, म्हणून माझ्या पदरचं सांगतो. रोस्टोकहून बाड डोबेरानला जा, वीस-पंचवीस मिनिटं. तिथून ‘मोली’ सुटते. वाफेचं इंजिन, दोन रुळांमध्ये ९०० मिलिमीटर अंतर, १८८६ पासूनची. आपली माथेरानची गाडी डोंगर चढते, ही गावातल्या अरुंद रस्त्यावरून दुकानांना घासून जाते, घंटा वाजवत, आणि बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पिणारे लोक मानही वर करत नाहीत. पुढं क्यूलुंग्सबॉर्नपर्यंत समुद्राजवळून पंधरा किलोमीटर. इंजिनामागच्या पहिल्या डब्यात बसा, उघड्या ओट्यावर उभं राहायला मिळालं तर उत्तमच. पांढरा शर्ट घालू नका.