मेंदूतील सार्कोमा: रिपोर्टबरोबर ब्लॉकही न्यावा

प्रश्न: माझ्या 19 वर्षांच्या भाच्याच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया नाशिकमध्ये झाली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये ‘सार्कोमाची शक्यता, पुढील तपासण्या आवश्यक’ असे लिहिले आहे. गाठ पूर्ण काढल्यावरही निदान का होत नाही? दुसरीकडे दाखवावे का? हा आजार आनुवंशिक असतो का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: आपली घालमेल मी समजू शकतो, परंतु ‘शक्यता’ हा शब्द डॉक्टरांच्या अज्ञानाचा नव्हे, तर प्रामाणिकपणाचा समजावा. सार्कोमा म्हणजे स्नायू, हाड, रक्तवाहिन्या यांसारख्या आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग. तो मेंदूतच सुरू होणे अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर गाठी आधी वगळाव्या लागतात. ग्लायोसार्कोमा नाव सार्कोमाचे लावतो, पण असतो ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींच्या आक्रमक कर्करोगाचा, प्रकार. मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिंजिओमाही कधी कधी सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसतो. शिवाय शरीरातील दुसऱ्या सार्कोमाची पेरणी मेंदूत झालेली नाही ना, हे पाहण्यासाठी छाती-पोटाचा सीटी किंवा पेट स्कॅन करावा लागतो. केवळ एमआरआयवरून यांतला भेद खात्रीने सांगता येत नाही.

खरे उत्तर असते ते मेणाच्या ब्लॉकमध्ये. काढलेल्या गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टिकवून पॅराफिन मेणात बसवतात, प्लॅस्टिकच्या छोट्या कॅसेटवर रुग्णाचा क्रमांक घालतात आणि त्या ठोकळ्यातून मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचे काप काढतात. या कापांवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून शोधण्याची तपासणी, करतात. जीएफएपी हे प्रथिन सापडले तर ग्लायोसार्कोमाकडे बोट जाते. पेशीकेंद्रात स्टॅट 6 ठळक दिसले तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर या तंतुमय ऊतीच्या गाठीकडे. डेस्मिन आणि मायोजेनिन स्नायूजन्य सार्कोमा सुचवतात. सीडी 99 हे प्रथिन युइंग सार्कोमात (बहुधा मुले व तरुणांत होणारा, हाडांचा व मऊ ऊतींचा सार्कोमा) दिसते, पण इतरत्रही दिसते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. त्यापुढे जनुकीय तपासणी आणि, सोय असेल तेथे, डीएनए मिथिलेशनची (डीएनएवरील रासायनिक खुणांची) तपासणी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात डायसर 1 आणि सीआयसी या जनुकांतील बदलांवरून ओळखले जाणारे सार्कोमा स्वतंत्रपणे नोंदवले आहेत. हा नावांचा घोळ नव्हे: युइंग सार्कोमाची केमोथेरपी ग्लायोसार्कोमाला देतात त्या टेमोझोलोमाइड या औषधापेक्षा अगदी वेगळी असते.

म्हणून दुसरे मत अवश्य घ्यावे, तेही लवकर, आणि आपल्या शल्यचिकित्सकांना सांगूनच. त्यात त्यांचा अवमान नाही. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा मेंदूच्या गाठींचा अनुभव असलेल्या अन्य केंद्रात जाताना अनेक नातेवाईक फाइल आणि एमआरआयची सीडी घेऊन निघतात, ब्लॉक मात्र नाशिकच्या प्रयोगशाळेतच राहतो आणि फेरी वाया जाते. ब्लॉक आणि मूळ स्लाइड अर्ज देऊन, सही करून घ्याव्यात, क्रमांक रिपोर्टशी ताडून पाहावा आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

आनुवंशिकतेविषयी: बहुतेक सार्कोमा घराण्यात चालत आलेले नसतात. डायसर 1 चा बदल गाठीत आढळला, तर मात्र तो जन्मजात आहे का, हे रक्ताच्या तपासणीतून पाहावे, कारण अशा कुटुंबांत लहान मुलांच्या फुप्फुसात, तसेच थायरॉइड आणि अंडाशयात गाठी होऊ शकतात. घरात कोणाला तसे झाले असल्यास ते डॉक्टरांना आजच सांगावे. भावंडांच्या तपासण्या मात्र भाच्याचा जनुकीय रिपोर्ट हाती आल्यावर, जनुकीय समुपदेशकाशी बोलूनच ठरवाव्यात.