मुलगी साडेसहा वर्षांची आहे, दोन्ही कानांना मशीन आहे, मशीन लावलं की बोलते. आरटीईतून साध्या शाळेत नंबर लागलाय पण नातेवाईक म्हणतात कर्णबधिर शाळेतच घाला. साध्या शाळेत टिकेल का?

तुमच्या प्रश्नातल्या ‘टिकेल का’ ह्या दोन शब्दांवरच मी अडकले, म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते. माझ्या धाकट्या भावाबद्दल हेच दोन शब्द आमच्या घरात वर्षभर चालले होते.

उत्तर आधी देते. घाला साध्या शाळेत. मशीन लावून ती बोलते म्हणताय, मग लागलेला नंबर सोडू नका. आता हे मी कशावरून म्हणते ते सांगते, लांबेल जरा.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू मराठी कन्नड उर्दू सगळंच. नाना म्हणजे आमचे वडील पॉवरलूमवर बारा तासाची पाळी करायचे आणि अम्मा घरी विड्या वळायची. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना, दिवसरात्र खटखट, त्यामुळं आमच्या भागात माणसं बोलतातच ओरडून, बाहेरच्याला वाटतं भांडण चाललंय. हे मुद्दाम सांगते, पुढं त्याचा संबंध आहे.

भाऊ २००९च्या जूनला महापालिकेच्या शाळेत पहिलीला बसला. मी त्याच शाळेत सातवीला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या बाईंनी अम्माला बोलावलं, अम्माला मराठी येतं पण बाईंसमोर तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही म्हणून मला वर्गातून बोलावून घेतलं, आणि बाई मला म्हणाल्या, आईला सांग, पोरगं मंद आहे, हाक मारली तर बघत नाही, पाटीवर काहीतरी गिरगटतो, वर्गात बावन्न पोरं आहेत, ह्या एकाच्या मागं मी कुठं लागू. हे मला माझ्या आईला तेलुगूत करून सांगावं लागलं. ‘मंद’ला मी वेगळाच शब्द वापरला, पण अम्माला बाईंच्या तोंडावरूनच कळलं होतं.

शेजारचे म्हणायचे घरी तेलुगू बोलता म्हणून त्याला मराठी कळत नाही, येईल हळूहळू. मोठे मामा म्हणायचे लाडानं बिघडलाय. कानाकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही, कारण त्याला आवाज यायचे! जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, तेव्हा नानांच्या खांद्यावर बसून त्यानं दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते, आणि मामा सगळ्यांना दाखवून म्हणाले, बघा की, ह्याला सगळं ऐकू येतंय. मला पण तसंच वाटलं.

महिन्याभरानं शाळेत सर्व शिक्षा अभियानातल्या फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. वयानं लहान होत्या, आम्ही ताईच म्हणायचो. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, समोर बसून म्हणाल्या, पेन दे. त्यानं दिला. डबा दाखव. दाखवला. मग त्यांनी वही उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि त्याच आवाजात म्हणाल्या, पेन दे. तो वहीकडं बघत बसला. परत, डबा दाखव. तरी वहीकडंच. मी दाराशी उभी होते, अंगावर काटा आला. तो इतके दिवस आमच्या तोंडाकडं बघून ओळखत होता. मामांना तो ‘बाबा’ म्हणायचा आणि सगळे हसायचे, त्याचं कारण तेव्हा कळलं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता मामा, बाबा, पापा म्हणून बघा, ओठ अगदी सारखेच हलतात.

सिव्हिलला तपासणी झाली, दोन्ही कानांत ऐकण्याची घट ६५ डेसिबलच्या आसपास निघाली. म्हणजे फटाका ऐकू येणार, गल्लीतला आरडाओरडा ऐकू येणार, पण साधं बोलणं नाही, त्यातले स, श, च, ट तर नाहीच. घरी लूममुळं आम्ही ओरडूनच बोलायचो म्हणून घरी चालून गेलं, वर्गात बाई साध्या आवाजात बोलायच्या, तिथं तो मंद ठरला.

मग मामा कर्णबधिरांच्या निवासी शाळेचा फॉर्म घेऊन आले. परगावची शाळा, जेवण राहणं फुकट. मामा वाईट माणूस नाही, आमच्या घराला त्यांनी लई आधार दिलाय, पण त्या दिवशी जे बोलले ते मी विसरले नाही. म्हणाले, साध्या शाळेत हा टिकणार नाही, इथं ठेवून पोराचं वाटोळं करलालाव तुम्ही, तिकडं खाऊनपिऊन राहील, घरात एक तोंड कमी होईल, पुढं पोरीचं लग्न आहे. पोरगी म्हणजे मी. अम्मा विड्या वळत होती, मान वर न करता तेलुगूत म्हणाली, तो तिकडं जाऊन वेगळी भाषा शिकंल, मग सुट्टीला आल्यावर माझ्याशी काय बोलंल? आणि फॉर्म सुपाखाली सरकवला. संपलं.

ह्यातली खरी गोष्ट पुढं आहे. ताई पंधरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा त्यांनी बघितलं की अम्मा त्याच्याशी बोलते तेव्हा तिची मान सुपात असते. विडी वळताना तसंच बसावं लागतं, पत्र्याचं माप ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, नजर हलली की हात चुकतो, आणि खराब विड्या कारखान्यात मोजून घेताना बाजूला काढतात. ताई म्हणाल्या, बोलताना त्याच्याकडं बघा, तोंड दिसलं पाहिजे. त्या दिवसापासून अम्मा बोलायचं असेल तर हात थांबवायची, मान वर करायची, बोलायची, मग परत वळायची. आधी दिवसाला हजार व्हायच्या, त्या नऊशेवर आल्या. मजुरी हजारी हिशोबानं असते, त्यामुळं ते शंभर कमी म्हणजे रोजची भाजी कमी. तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणून मला राग येतो. एक विडी कामगार बाई मजुरी बुडवून मान वर करू शकते, आणि महिन्याचा पगार घेणारी शिक्षिका फळ्याकडून तोंड फिरवू शकत नाही? आणि वर म्हणायचं की अशा मुलांना साध्या शाळेत जमत नाही.

मशीन मिळालं ते खिशातलं, छातीवर पिशवीत डबी आणि वर कानापर्यंत वायर. अम्मानं टॉवेलच्या कापडाची पिशवी शिवली तर डबीवर कापड घासून खरखर यायची, मग मऊ सुती शिवली. पोरं वायर ओढायची. आणि मशीन लागून पण दुसरीच्या सुरुवातीला श्रुतलेखनात दहापैकी शून्य, प्रत्येक आठवड्याला शून्य. मामा म्हणाले, बघा.

दुसरीला बाई वेगळ्या होत्या. वयस्कर, कडक. त्यांनी शून्यावर ओरडायच्या ऐवजी ताईंना विचारलं असं का होतंय. ताईंनी वर्गात मागं बसून बघितलं, बाई श्रुतलेखन घालताना रांगांमधून चालत होत्या आणि पुस्तक तोंडासमोर होतं. झालं, एवढंच. पुढच्या वेळेपासून त्या टेबलाशी उभ्या राहून, पुस्तक खाली धरून, पाठमोरं न होता सांगायला लागल्या. त्याला पहिल्या बाकावर, रस्त्याच्या खिडकीपासून लांब बसवलं, नवीन शब्द आधी फळ्यावर लिहायचा मग बोलायचा, आणि दुसऱ्या मुलानं उत्तर दिलं तर बाईंनी ते परत म्हणायचं. दिवाळीपर्यंत तो दहात सहा-सातवर आला.

पण मला जास्त लक्षात राहिलंय ते मागच्या बाकांचं. आमच्या शाळेत सगळी विडीवाल्यांची, लूमवाल्यांची पोरं, निम्म्यांच्या घरी मराठी नाहीच. ज्यांना मराठी नीट समजत नव्हतं, जी नुसती खाली मान घालून बसायची, त्यांचे पण मार्क त्या वर्षी वाढले. बाई सावकाश, तोंड दाखवून बोलल्या, शब्द फळ्यावर दिसला, तर तो सगळ्यांनाच दिसला ना. म्हणून कुणी म्हणालं की एका मुलामुळं बाकीच्यांचं नुकसान होतं तर मला सहन होत नाही. बहिऱ्या पोराला जे लागतं तेच गरीब घरातल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या पोराला लागतं. बावन्न पोरांचं कारण मला मान्य आहे, ती संख्या चूकच आहे, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक सांगितलाय, पण त्यासाठी शिक्षक मागा, पोरगं कशाला काढता.

तुमच्या कामाचं सांगते. शाळा दिव्यांग म्हणून ‘नाही’ म्हणू शकत नाही, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारमान्य शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचं बंधन आहे. कुणी तोंडी टोलवलं तर म्हणा लेखी द्या. आरटीईचं फुकट शिक्षण आठवीपर्यंतच, नववीला खासगी शाळा फी मागेल, त्याची तयारी आत्तापासून डोक्यात ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी काढा, दहावीला जादा वेळ त्यावरच मिळतो, भावाला २०१९ला तासाला २० मिनिटं मिळाली. मशीनची शिट्टी वाजायला लागली तर बघून घ्या, बऱ्याचदा कान वाढलेला असतो आणि मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मशीनचा साचा, सैल झालेला असतो, मुलांचा तो सारखा बदलावा लागतो. दप्तरात बॅटरीचं एक पान कायम, आणि बाईंना बॅटरी बदलून दाखवा. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत. आणि शाळेतून आल्या आल्या अभ्यासाला बसवू नका, दिवसभर कान देऊन ऐकणं म्हणजे काय दमणूक असते ते आपल्याला कळत नाही, भाऊ आला की दप्तर टाकून तासभर झोपायचा.

आता नातेवाईकांचं. आमचे मामा अजून प्रत्येक लग्नात म्हणतात, त्या शाळेत घातला असता तर कोट्यातून सरकारी नोकरी लागली असती. हे साफ चुकीचं आहे आणि तुम्हाला पण कुणीतरी हेच ऐकवणार. सरकारी नोकरीत दिव्यांगांना जे ४ टक्के आरक्षण आहे ते ४० टक्के किंवा जास्तीच्या प्रमाणपत्रावर मिळतं, कुठल्या शाळेत शिकलात त्यावर नाही. भाऊ दहावी झाला, आयटीआय केलं, आज टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर जकार्डची डिझाइनं काढतो आणि अम्माशी तेलुगूत बोलतो. मामांना हे मी तोंडावर कधी म्हणाले नाही, मोठे आहेत. इथं म्हणते, मामा, तुमचं चुकलं.

एक मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर माझं ऐकून कुणी दुसरंच करून बसेल. माझ्या भावाला मशीननं बोलणं पोचत होतं. मशीन लावून पण ज्यांना बोलणं कळत नाही त्या मुलांना नुसतं साध्या वर्गात नेऊन बसवणं म्हणजे कोंडून घालणं आहे, त्यांना खुणांची भाषा मिळालीच पाहिजे आणि ती चांगल्या कर्णबधिर शाळेत, आपल्यासारख्या मुलांमध्ये लवकर येते. ती खरी भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्रानं १० हजार शब्दांचा कोश केलाय. अम्मा तेव्हा जे म्हणाली की माझ्याशी काय बोलंल, ते आमच्या बाबतीत बरोबर ठरलं, पण तसं मूल असतं तर अम्मानं, नानांनी आणि मी ती भाषा शिकायला पाहिजे होती. कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळची शाळा किंवा विशेष शाळा, जी हवी ती निवडता येते. निवड तुमची आहे, नातेवाईकांची नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा वर्ग बघून या. पंखा खडखडतो का, खिडकी रस्त्याकडं आहे का, फळा कुठं आहे. आणि वर्गशिक्षिका बोलताना तुमच्याकडं बघून बोलतात का रजिस्टरमध्ये बघून, ते बघा. जूनमध्ये कोण बाई मिळाल्या ते इथं खाली लिहा, श्रुतलेखनाचं त्यांना कसं सांगायचं ते मी सांगते.